आमची वाटचाल : गूळ खाली, आंबा वर

गूळ खाली कोकणात न्यायचा आणि आंबा वर आणायचा, एवढ्यावर आमचा ट्रान्सपोर्टचा धंदा उभा राहिला. कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डात गाडी भरायची, कळे, साळवण करत 55 किलोमीटरवरचं गगनबावडा गाठायचं, करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि पुढे कणकवली नाहीतर देवगड. गाडी एकच, जुनी घेतलेली टाटा 407. मालक आणि ड्रायव्हर दोन्ही दादाच, म्हणजे माझे वडील. दहावीची परीक्षा संपली तशी मी क्लीनर म्हणून बसायला लागलो.

जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्याला. आणि गुळाला ओल अजिबात सोसत नाही. 30 किलोच्या रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, एकदा पाणी सुटलं की व्यापारी त्याला हात लावत नाही. म्हणून दादा दोन ताडपत्र्या टाकायचे आणि दोर स्वतः आवळायचे. हे काम त्यांनी हमालांवर कधी सोडलं नाही.

श्रावणातली एक रात्र डोळ्यांसमोरून जात नाही. घाटाच्या तोंडाशीच असं धुकं उतरलं की बॉनेट दिसेना. धुक्यात हेडलाइटचा उजेड पुढे जात नाही, उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. दादांनी गाडी उभी केली. म्हणाले, "पोरा, पांढरा टॉवेल पाठीवर टाक, बॅटरी घे आणि डोंगराच्या कडेनं चाल. मी तुझ्या पाठीवर गाडी आणतो." मी चालत राहिलो. एका बाजूला पाण्याचे लोट, दुसरीकडे दरी. ती दिसत नव्हती, पण तिच्यातून वर येणारा वारा कळत होता. मागं दुसऱ्या गिअरात गुरगुरणारं इंजिन. तो आवाज एकसारखा आहे तोवर सगळं ठीक, एवढंच मला कळत होतं. खाली पोचायला अडीच तास लागले. रव्याचा एक कोपरासुद्धा ओला झाला नव्हता.

लायसन्स मिळाल्यावर मात्र मी घाई केली. भरलेली गाडी वरच्या गिअरात उतरवत, वळणावळणाला ब्रेक दाबत निघालो. अर्ध्या घाटात जळका वास आला आणि पेडल नुसतं खाली जायला लागलं. ब्रेकचे ड्रम तापले की आतल्या लायनरची पकड जाते, हे ऐकलेलं होतं. त्या दिवशी पायाला कळलं. कसाबसा गिअर खाली आणला आणि डोंगराकडच्या गटारात डावी चाकं घातली. क्लीनरनं चाकाखाली दगड लावले. दादा दुसऱ्या दिवशी आले, रागावले नाहीत. चाकापाशी बसून म्हणाले, "ज्या गिअरात चढतोस, त्याच गिअरात उतरायचं. आणि वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. भरल्या गाडीला चढावर थांबवू नये." पुढे कळलं की चढणाऱ्याला आधी वाट देणं कायद्यातच आहे. दादांना ते कायद्याआधी माहीत होतं.

आंब्याच्या फेऱ्या रात्रीच्या. देवगडला संध्याकाळी पेट्या भरायच्या, गारव्यात घाट चढायचा, पहाटे मार्केटला लावायच्या. उन्हात थांबलेल्या गाडीत हापूस एका दिवसात चार दिवसांचा पिकतो. त्या दोन महिन्यांच्या भाड्यावरच आम्ही दुसरी गाडी घेतली, मग तिसरी. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा पुष्कळांनी आता तुमचं काही खरं नाही म्हणून सांगितलं. पण ती धावते किनाऱ्याला धरून, उत्तर-दक्षिण. घाटावरून कोकणात उतरायला आजही रस्ताच आहे.

2024 च्या सुरुवातीला करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला, तो काळ आम्हाला जड गेला. फोंडा घाटानं फेरा लांबतो, डिझेल वाढतं. एका मोठ्या गिऱ्हाइकानं जुन्याच भाड्याचा हट्ट धरून ट्रिपा तोडल्या. तरीही ड्रायव्हरांचा पगार आम्ही कापला नाही आणि उशिराचा दंड तर आमच्याकडे कधीच नव्हता. घाटात उशीर झाला तर का झाला, हेसुद्धा कुणाला विचारत नाही.

आज सहा गाड्या आहेत. दादा आता गाडीवर नाहीत, पण पावसाळ्यात यार्डात येऊन प्रत्येक दोर ओढून बघतात. नवा ड्रायव्हर आला की त्याच्या पहिल्या फेरीला मी शेजारी बसतो. गगनबावड्याला गाडी थांबवायची, उतरून चारी बाजूंनी टायर बघायचे, ड्रम गार आहेत का ते हातानं तपासायचं, चहा घ्यायचा. मग दुसरा गिअर.