तारामतीचा विलाप, दोन भाषांत

जुन्या बोलपटांना सबटायटल लावण्याचे काम मी करते. एकदा माझ्याकडे प्रभात फिल्म कंपनीच्या १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’ची मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपे आली. कथा तीच, दिग्दर्शक व्ही. शांताराम तेच आणि हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबेही तेच; तेव्हा मराठीचे टाइमकोड, म्हणजे कोणती ओळ पडद्यावर कधी यावी आणि कधी जावी याच्या वेळा, कायम ठेवून फक्त मजकूर बदलला की भागेल, असे मी धरून चालले होते.

तारामतीच्या प्रसंगांपाशी माझा हिशेब चुकला. ओळ पडद्यावर उमटून जायची आणि तारामती झालेल्या दुर्गा खोटे मात्र अजून श्वास घेत असायच्या; कुठे त्या मराठीपेक्षा आधीच बोलून मोकळ्या झालेल्या असायच्या. त्या काळी पार्श्वगायन रुळलेले नव्हते, गाणीसुद्धा नटांनी कॅमेऱ्यासमोर उभे राहूनच म्हणायची आणि दोन भाषांसाठी चित्रणही दोनदा करायचे, हे मला ठाऊक असूनही कामाच्या घाईत सुचले नव्हते. डोंबाच्या घरी राबणारा नवरा आणि मेलेला रोहिदास यांच्यामध्ये उभ्या असलेल्या आईचा शोक या बाईंनी एका भाषेत संपवला आणि पुन्हा दुसऱ्या भाषेत पहिल्यापासून उभा केला.

तेव्हा त्या २७ वर्षांच्या होत्या. सॉलिसिटर लाडांच्या घरात वाढलेल्या, सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या, दोन मुलांच्या आई. आदल्याच वर्षी एका बोलपटात केलेल्या छोट्या भूमिकेवरून त्यांच्यावर बरीच टीका झाली होती, आणि तरीही संसाराच्या गरजेपोटी त्या पुन्हा कॅमेऱ्यासमोर आल्या होत्या. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाच्या रंगमंचावर ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई साकारणाऱ्या आणि ‘मुगल-ए-आझम’मध्ये जोधाबाई म्हणून अकबरासमोर उभ्या राहणाऱ्या दुर्गाबाईच आपल्याला अधिक आठवतात. १९८३ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराचा उल्लेखही नेहमी होतो. त्या दिवशी मला मात्र ही नवखी, तरीही न डगमगणारी तारामती अधिक मोठी वाटली, आणि आजही वाटते.

संध्याकाळी हिंदीचे सगळे टाइमकोड मी पुसले आणि पहिल्या दृश्यापासून, मराठीची फाईल बंद ठेवून, केवळ त्यांच्या श्वासावर कान ठेवत प्रत्येक ओळ नव्याने बसवली.