९४४ देऊन आरएक्स-८ घ्यावी का?

माझी पोर्शे ९४४ १९८६ची. आठ वर्षं माझ्याकडे आहे. मध्यंतरी ओळखीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "तुमची ९४४ मला द्या, माझी आरएक्स-८ तुम्ही घ्या. वरचे पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत." मी "बघू" म्हणालो खरा, पण त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

माझदाच्या या गाडीचं वेड मला जुनंच. इंजिनात पिस्टनच नाहीत. दोन तिकोनी रोटर, जेमतेम १.३ लिटर, आणि तरी आकडा ९००० आरपीएमपर्यंत (मिनिटाला तेवढे फेरे) चढतो. माझ्या २.५ लिटरच्या चार सिलिंडरना साडेसहा हजारांच्या आसपासच लाल रेघ लागते.

दुसरं कारण स्वतःशी मान्य करायला मला आठवडा लागला. माझ्या गाडीचा क्लच संपत आला होता. ॲक्सिलरेटर सोडला की मागून 'ठक्' आवाज, पुन्हा दाबला की पुन्हा 'ठक्'. ९४४चं इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो, दोन्हींच्या मधे एक लांब नळी आणि तिच्या आतून फिरणारा शाफ्ट. वजन पुढे-मागे जवळपास सारखं वाटलं जातं ते यामुळेच, आणि वळणावर गाडी इतकी शांत राहते तीही यामुळेच. पण क्लच इंजिनाला चिकटून असल्यामुळे तिथवर पोचायचं तर सायलेन्सर, गिअरबॉक्स, नळी असं सगळं उतरवावं लागतं. त्या कामाची मला धास्ती होती.

गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशीच मी त्यांना सांगून ठेवलं, की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. थंड इंजिन पटकन सुरू झालं. मग अर्धा तास चालवली. काय सांगू! स्टिअरिंग इतकं हलकं आणि तरी नेमकं, आणि रेव्ह चढताना थरथर म्हणून नाही. वर पोचल्याचं कळतच नाही, म्हणून तर माझदाने इशाऱ्याचा बीप दिला आहे. तो ऐकला तेव्हा मी मनातल्या मनात ९४४च्या किल्ल्या देऊन मोकळा झालो होतो.

परत आल्यावर तापलेलं इंजिन बंद केलं, दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा किल्ली फिरवली. स्टार्टर फिरत राहिला, फिरत राहिला, मग कुठे इंजिनाने पकडलं. "बॅटरी जुनी झालीय," ते म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं. पण तापल्यावर सुरू व्हायला कुरकुरणाऱ्या रोटरीत, म्हणजे अशा रोटरवाल्या इंजिनात, पहिला संशय कॉम्प्रेशनवर, म्हणजे आत हवा किती दाबली जाते त्यावर, घ्यायचा असतो. मी ऑइलबद्दल विचारलं. हे इंजिन रोटरच्या टोकांवरच्या सीलना वंगण मिळावं म्हणून स्वतःच थोडं थोडं ऑइल जाळतं, ती त्याची रचनाच आहे. त्यामुळे पातळी वरचेवर बघायला हवी. ते म्हणाले, "सर्व्हिसिंगला बघतात की."

कॉम्प्रेशन तपासायला साधा गेज चालत नाही. प्रत्येक रोटरला तीन बाजू, आणि साधा गेज त्यांतला सगळ्यात मोठा आकडाच दाखवतो. रोटरीसाठीचं वेगळं यंत्र असलेला मेकॅनिक शोधण्यात दोन आठवडे गेले. पुढच्या रोटरचे तिन्ही आकडे ७००च्या वर आले. मागच्या रोटरच्या दोन बाजू ठीक, तिसरी ६१०. माझदाची किमान मर्यादा २५० आरपीएमला ६८० किलोपास्कल आहे. तो कागद त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वेळ हातात धरला होता. मला फार वाईट वाटलं.

तरीही लगेच नाही म्हणवेना. दोन दिवस मी वहीत हिशेब मांडत बसलो, एकीकडे क्लच आणि दुसरीकडे इंजिन उघडून सगळी सील बदलणं. ९४४चे टायमिंग बेल्ट आणि बॅलन्स शाफ्टचा बेल्ट मी गेल्याच वर्षी बदललेत. तो टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, म्हणून तारीख लिहून ठेवली आहे. या गाडीचं काय झालंय, काय व्हायचंय, सगळं मला ठाऊक आहे. त्यांच्या गाडीत आत काय निघेल ते उघडल्याशिवाय कोणीच सांगू शकत नव्हतं. मग स्वतःला विचारलं, क्लच नवा असता तर तू "बघू" म्हणाला असतास का? असतो. रोटरी मला अजूनही हवी आहे. पण ही नको, आणि क्लच टाळण्यासाठी तर नकोच.

मी त्यांना फोन करून स्पष्ट सांगितलं. ते इंजिनाचं काम करून घेणार आहेत. त्यानंतर पुन्हा बोलू, असं आमचं ठरलंय.

माझी गाडी सध्या लिफ्टवर आहे. काल गिअरबॉक्स उतरला, आज क्लच प्लेट हातात आली. जुन्या प्लेटच्या मध्यभागी रबर असतं. ते फाटून त्याचे तुकडे खाली पडले होते. नवी प्लेट स्प्रिंगवाली मागवली आहे.