रोजच्या इस्टीमसाठी कॅम निवडताना माझी झालेली घालमेल आणि शेवटी काय बसवलं

आमच्या घरी बाबांनी घेतलेली २००५ ची मारुती इस्टीम आहे, १.३ लिटर, सोळा व्हॉल्व्हवालं एमपीएफआय इंजिन, कंपनीचा आकडा ८५ बीएचपी. पंधरा वर्षं झाल्यावर फिटनेस करून, ग्रीन टॅक्स भरून परत पासिंग करून घेतली कारण गाडी विकायचा विचारसुद्धा मनात येत नाही. मध्ये हेड गॅस्केट गेलं तेव्हा हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) खोलायचंच होतं, मग म्हटलं खोलतोच आहोत तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) बदलू, कितीतरी वर्षं डोक्यात होतं ते.

तर पहिली गोष्ट, माझं मन कशावर बसलं होतं ते सांगतो. २८८ डिग्रीच्या कॅमवर, म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) तेवढा फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा. एका ठिकाणी तो बसवलेली गाडी ऐकली होती, उभी असताना असा काही ढगढग आवाज करत होती की अंगावर काटा आला, आणि सात हजारापर्यंत सुई नुसती धावायची. पैसेसुद्धा द्यायला निघालो होतो. पण आमचे मिस्त्री काका (तीस वर्षं इंजिनकामच करतायत) म्हणाले, "तू ऑफिसला जातोस का रेसला? आधी आठवडाभर सुई कुठं असते ते लिहून आण, मग बोलू."

मी खरंच लिहिलं. कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौकातून, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक चढाला मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करायचो. आठवड्याअखेर ऐकलं तर जवळजवळ सगळा प्रवास १८०० ते ३२०० मध्ये, रविवारी साताऱ्याला गेलो तेव्हा खंबाटकीत ४५०० पर्यंत, आणि ५५०० च्या वर आख्ख्या आठवड्यात फक्त दोनदा. आणि मी ज्या कॅमसाठी जीव टाकत होतो त्याची मजा सुरूच होणार होती ४५०० नंतर.

आता ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती डिग्री उघडा राहतो ते) वाढलं की कमी आरपीएमचा दम का जातो ते मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो. पिस्टन खाली जाऊन परत वर यायला लागतो तरी इनटेक व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. आरपीएम जास्त असेल तर हवेला वेग असतो, ती पिस्टन वर येत असतानासुद्धा आत घुसत राहते आणि सिलेंडर जास्त भरतो. पण २००० आरपीएमला हवेत तेवढा जोर नसतो, त्यामुळे आत आलेली हवा पिस्टन परत बाहेर ढकलतो, आणि दाबायला उरतं काय तर कमी माल. म्हणजे कागदावर कॉम्प्रेशन रेशो तोच, पण खरं दाबणं सुरू होतं ते व्हॉल्व्ह बंद झाल्यावरच. त्यामुळे कॅमच्या कार्डावर मी आता सगळ्यात आधी इनटेक कधी बंद होतो तेच बघतो.

हिशोब सोपा आहे, कुणालाही जमेल. ड्युरेशनचं अर्धं करा, त्यात इनटेकची सेंटरलाइन (पिस्टन वरच्या टोकाला असल्यापासून इनटेक पूर्ण उघडेपर्यंत क्रँक किती डिग्री फिरतो ते) मिळवा, १८० वजा करा. २८८ वाल्याची सेंटरलाइन १०६ होती, म्हणजे १४४ अधिक १०६ वजा १८०, पिस्टन खालून निघाल्यावर ७० डिग्रीला व्हॉल्व्ह बंद. दुसरा पर्याय २६४ चा होता, सेंटरलाइन १०८, तो ६० ला बंद. दहा डिग्री ऐकायला काहीच वाटत नाही पण स्टॉक कॉम्प्रेशनवर, गाडीत चार माणसं आणि एसी चालू असताना ते दहा डिग्री क्लच सोडताना पायाला कळतात.

दुसरी भानगड ओव्हरलॅपची. एक्झॉस्ट बंद व्हायच्या आत इनटेक उघडतो, दोन्ही एकदम उघडे असतात तो काळ. २८८ वाल्याचं लोब सेपरेशन (लोब म्हणजे कॅमवरचे उंचवटे, इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधलं कॅमच्या डिग्रीतलं अंतर) १०६, म्हणजे ओव्हरलॅप ७६ डिग्री. २६४ वाल्याचं ११०, ओव्हरलॅप ४४. त्या ढगढग आवाजाचं मूळ हेच. जळलेला गॅस इनटेकमध्ये परत येतो, व्हॅक्यूम पडतो, आणि व्हॅक्यूम पडला की दोन ठिकाणी मार बसतो. एक म्हणजे ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो, पेडल कडक होतं. दुसरं, या गाडीचा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इनटेक मॅनिफोल्डचं प्रेशर बघून पेट्रोल सोडतो, व्हॅक्यूम कमी दिसला की त्याला वाटतं गाडीवर लोड आहे आणि तो उभ्या गाडीत जास्त पेट्रोल ओततो. मग आयडलिंग वरखाली, प्लग काळे आणि पीयूसीला रडारड. माझ्या बाबांना गाडी चालवायची असते, बावधनच्या चढावर ब्रेक कडक झालेला मला चालणारच नव्हता.

डबल कॅमचं इंजिन असतं तर दोन्ही पुल्या वेगवेगळ्या फिरवून सेपरेशन बदलता आलं असतं, आमच्यात एकाच शाफ्टवर इनटेक एक्झॉस्ट दोन्ही लोब, त्यामुळे ग्राइंडरने जे घासलं ते कायमचं. पुली फिरवली तर दोन्ही एकत्रच सरकतात. म्हणून इथं निवड आधीच नीट करावी लागते.

ठरलं, २६४. नवीन कोरा कॅम मिळेना म्हणून नाना पेठेतून एक चांगला वापरलेला स्टॉक कॅम आणला आणि रीग्राइंड करायला, म्हणजे परत घासून नवा आकार द्यायला दिला. रीग्राइंडमध्ये लोबचा खालचा गोल भाग घासून लहान करतात, त्यामुळे टोक त्या मानाने उंच होतं आणि लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उघडतो ते) वाढते. पहिल्यांदा जिथं दिला (नाव लिहीत नाही) तिथून आला तो बघायला चकाचक, पण काकांनी दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज (बारीक फरक दाखवणारं घड्याळासारखं माप) लावला तर चार नंबरच्या इनटेकची लिफ्ट एक नंबरपेक्षा ०.३ मिलीमीटर कमी. मला इतका राग आला होता, सहा आठवडे थांबवलं होतं त्यांनी. परत केला, अर्धेच पैसे मिळाले, दुसरीकडे आणखी एक वापरलेला शाफ्ट देऊन करून घेतला आणि या वेळी इनटेकचे आणि एक्झॉस्टचे सगळे लोब मोजूनच ताब्यात घेतला. जास्त खोल घासला तर वरचा कडक थर जातो आणि लोब काही महिन्यांत झिजतो, त्यामुळे किती घासणार ते आधी विचारा.

आता व्हॉल्व्ह पिस्टनला आपटत नाही ना ते बघायचा मातीचा प्रयोग, हा मला सगळ्यात आवडला. भाचीची खेळायची क्ले आणली, एक नंबरच्या पिस्टनवर चारही व्हॉल्व्हच्या जागी जाडसर थापली, वरून ऑइलचं बोट फिरवलं म्हणजे व्हॉल्व्हला चिकटत नाही. जुनं गॅस्केट टाकून हेड आवळलं, बेल्ट लावला, टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट केले आणि क्रँक पान्याने हाताने हळूहळू दोन फेरे फिरवला. श्वास धरून. कुठं अडकलं तर जबरदस्ती करायची नाही, थांबायचं. हेड परत काढलं तर क्लेमध्ये व्हॉल्व्हच्या कडांचे चंद्रकोरीसारखे ठसे! काकांनी ब्लेडने मधोमध कापून सगळ्यात पातळ जागी व्हर्नियर लावला, इनटेकला २.६ आणि एक्झॉस्टला ३.१ मिलीमीटर. इनटेकला किमान २ आणि एक्झॉस्टला अडीच तरी हवेच असं काका धरतात, म्हणजे आम्ही सुटलो. मला वाटायचं पूर्ण लिफ्टला व्हॉल्व्ह आपटतो, पण तेव्हा पिस्टन केव्हाच खाली गेलेला असतो, खरा धोका पिस्टन वर असताना, ओव्हरलॅपच्या वेळेस. स्प्रिंगसुद्धा शिकंजात दाबून बघितल्या, पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना टेकायच्या आधी दीड मिलीमीटर शिल्लक होतं.

मग डिग्री करणं, म्हणजे कॅम नेमका किती डिग्रीवर बसलाय ते मोजणं. डिग्रीची चकती प्रिंट काढून प्लायवर चिकटवली, क्रँक पुलीवर बसवली. डायल गेज इनटेकच्या रिटेनरवर (स्प्रिंगच्या वरच्या टोपीवर). पूर्ण लिफ्टच्या १ मिलीमीटर आधी किती डिग्री, १ मिलीमीटर नंतर किती, दोन्हीचा मध्य म्हणजे सेंटरलाइन. खुणेवर खूण बरोबर जुळवली होती तरी आली ११३! तीन वेळा मोजलं, ११३ च. एक कारण नंतर लक्षात आलं, हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं) झालं होतं, हेड खाली आलं की बेल्टवाल्या इंजिनात कॅम थोडा मागे पडतो; बाकीचा फरक बहुतेक रीग्राइंडचा असावा. पाच डिग्री क्रँकच्या म्हणजे कॅमच्या अडीच. बेल्टचा एक दात सरकवला तर पंधरा-वीस डिग्री उडी मारते, त्यामुळे लेथवर पुलीला लांबट भोकं पाडून ॲडजस्ट होणारी पुली करून घेतली आणि १०८ वर आणून आवळली. ज्यांनी नुसत्या खुणा जुळवून कॅम बसवला आणि "काही फरकच नाही" म्हणतात, त्यांनी एकदा हे मोजून बघावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पहिल्यांदा सुरू करताना लोबला मॉली पेस्ट (घर्षण कमी करणारी) फासली आणि आयडलवर अजिबात न ठेवता वीस मिनिटं २००० वर धरली, कारण नव्या लोबवर उडणारं ऑइल आयडलला कमी पडतं. नंतर लगेच ऑइल आणि फिल्टर बदलला.

चालवायला कशी झाली? १५०० च्या खाली थोडी सुस्त झाली हे खरं आहे, सिग्नलवरून निघताना आधीपेक्षा चिमूटभर जास्त रेस द्यावी लागते. आयडलला व्हॅक्यूम आधी १८ इंच दाखवायचा तो १५ आहे, ब्रेक पहिल्यासारखाच, एसी लावला की आयडल थोडं थरथरतं. पण ३००० नंतर गाडी जी ओढते! खंबाटकीत जिथं दुसरा टाकावा लागायचा तिथं तिसऱ्यात गेली. ॲव्हरेज १४ वरून साडेबारावर आलं. पीयूसी पास झाली. इन्शुरन्सला मी लेखी कळवलंय, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदल करायच्या आधीच वाचून घ्या, नंतर नाही.

बाबांना आधी काही सांगितलं नव्हतं. ते भाजी आणायला घेऊन गेले, परत आल्यावर चावी ठेवत म्हणाले, "टॅपेट वाजतायत का रे, बघून घे." वाजत होते खरंच, हजार किलोमीटर झाल्यावर गार इंजिनात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर तीन नंबरचा एक एक्झॉस्ट ढिला निघाला, बाकी जागेवर. आता दर ऑइलला तपासतो.