लुपुमचा पुठ्ठा

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असा समितीचा फोन आला आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते आपले लॅटिनचे फादर. शाळेने मला गणित दिलं, हॉकी दिली, जन्माचे मित्र दिले. पण लिहायला बसलो तर दुसरं काही सुचेना. तेव्हा फादरांबद्दलच लिहितो.

शनिवारी शाळा सुटली की ग्रंथालयाशेजारच्या खोलीत ते लॅटिन शिकवायचे. परीक्षा नाही, गुण नाहीत. आम्ही सातजण बसायचो. पहिल्याच दिवशी फळ्यावर आलं, 'रोसा, रोसा, रोसाम, रोसे, रोसे, रोसा'. 'देवः देवौ देवाः' घोकलेल्या आम्हाला ते घरचंच वाटलं. शिवाय द्विवचन नाही आणि संबोधन धरूनही विभक्त्या सहाच! आमचे चेहरे बघून फादर म्हणाले, "हुरळू नका. तृतीया आणि पंचमी, दोघींचं काम इथं एकटी अब्लातिवुस करते. बऱ्याचदा सप्तमीचंसुद्धा."

एका शनिवारी मी वहीत लिहिलं, 'आग्रिकोला लुपुस विदेत'. शेतकरी लांडग्याला पाहतो, असं मला म्हणायचं होतं. फादरांनी वही हातात घेतली. "अरे, हे दोघेही प्रथमेत. कोण कोणाला बघतोय?" मला सांगता येईना. रागावले मात्र नाहीत. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा कापून त्यांनी तीन तुकडे केले आणि त्यांवर ठळक अक्षरांत तीन शब्द लिहिले: आग्रिकोला, लुपुम, विदेत. तिघांना फळ्यापाशी उभं केलं. लुपुम माझ्या हातात. मग आमच्या जागा बदलत राहिले आणि बाकीच्यांना दर वेळी अर्थ विचारत राहिले. मी पहिला असो, मधला असो, शेवटचा असो, बघणारा शेतकरीच! शेवटी पुढे येऊन त्यांनी माझ्या पुठ्ठ्यावरचा 'एम' खोडून 'एस' केला आणि आग्रिकोलाच्या शेपटीला 'एम' जोडला. आम्ही तिघे जागचे हललोही नव्हतो, आणि आता लांडगा शेतकऱ्याकडे बघत होता. अंगावर आलेला तो काटा आज लिहितानाही येतो.

एकदा ते आम्हाला जुन्या इमारतीच्या कोनशिलेपाशी घेऊन गेले. 'आन्नो दोमिनी'. आन्नो म्हणजे वर्षी, काळ सांगणारी अब्लातिवुस. दोमिनी ही षष्ठी, प्रभूच्या. त्याच दगडाला टेकून आम्ही इतकी वर्षं डबा खात होतो!

पुढे मी वनस्पतिशास्त्रात गेलो. १ जानेवारी १९३५ पासून नियम होता, की वनस्पतीची नवी जात जाहीर करायची तर तिचं वर्णन किंवा वेगळेपण लॅटिनमध्ये द्यायलाच हवं. सह्याद्रीच्या एका कड्यावर मिळालेलं झुडूप आम्ही नवी जात म्हणून प्रसिद्ध केलं, तेव्हा ती ओळ मी कोणाकडून लिहून घेतली नाही. 'फोलिईस ओवातिस, फ्लोरिबुस आल्बिस': अंडाकृती पानांनी, पांढऱ्या फुलांनी वेगळी. फ्लोरिबुसशेजारी आल्बिस पाहून सहकारी म्हणाला, शेवट जुळत नाहीत. शेवट जुळायची गरज नसते. लिंग, वचन, विभक्ती जुळली की झालं. हे त्याला समजावताना माझ्या तोंडून फादरच बोलत होते. नावांतही त्यांची षष्ठी भेटते. कंदीलपुष्पांमधली 'सेरोपेजिया महाबळेई' म्हणजे प्रा. महाबळ्यांची, 'सेरोपेजिया सांतापाउई' म्हणजे फादर सांतापाव यांची; दोघेही वनस्पतिशास्त्रज्ञ. आपल्या फादरांच्या नावाची षष्ठी एखाद्या झाडाला लावायची माझी इच्छा राहून गेली, याची फार खंत वाटते.

२०११ साली मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं आणि २०१२पासून वर्णन इंग्रजीतही चालू लागलं. नव्या मुलांची सोय झाली, हे मी मानतो. पण माझे विद्यार्थी आता 'फोलिईस' वाचून पुढे सरकतात, ते मला बघवत नाही. शाळेतला शनिवारचा वर्गही फादरांबरोबर संपला. ती खोली आता संगणक कक्षात गेली आहे.

मागच्या महिन्यात शाळेत येऊन गेलो. जुनी इमारत पाडल्यावर ती कोनशिला सायकल स्टँडमागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली दिसली. 'दोमिनी'वर चुन्याचे ओघळ आहेत. समितीला माझी हात जोडून विनंती आहे, की महोत्सवाच्या आत ती नव्या इमारतीच्या दर्शनी भागी बसवावी. गवंड्याचा आणि दगड घासून घेण्याचा सगळा खर्च मी देईन.