एआयचा कोर्स सगळ्या शाखांना खुला करताना

आमच्याकडे एआय म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचा विषय असंच धरलं जायचं. दुसऱ्या शाखेच्या मुलाने विचारलं की उत्तर ठरलेलं, आधी गणित पक्कं कर मग बघू. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि बघता बघता सगळ्याच विभागांच्या असाइनमेंटमध्ये दिसायला लागलं, म्हणजे वापरणार सगळे आणि शिकायला मिळणार एकाच विभागाला, हे मला अजिबात पटत नव्हतं. म्हणून सगळ्यांसाठी एक क्रेडिट कोर्स सुरू करायचं काम मी अंगावर घेतलं. कोणी याच खटपटीत असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

मीटिंगमध्ये पहिलाच प्रश्न आला की हे सगळं दर वर्षी बदलतंय, सिलॅबस टिकणार किती? प्रश्न रास्त होता. मी म्हटलं टूल्स बदलतात, पाया जुनाच आहे. रोझेनब्लाट या संशोधकाचं पर्सेप्ट्रॉन, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारं सुरुवातीचं मॉडेल, 1958 चं, आजची चॅटबॉट्स ज्या रचनेवर चालतात तो ट्रान्सफॉर्मर 2017 चा, पण चूक बघून वजनं, म्हणजे मॉडेलच्या आतले आकडे, थोडी थोडी बदलत जायची ही कल्पना दोन्हीकडे आहे. म्हणून सिलॅबसमध्ये कुठल्याही टूलचं नाव घातलं नाही, ते प्रॅक्टिकलच्या शीटमध्ये ठेवलं, ती कधीही बदलता येते. हेलसिंकी विद्यापीठाने 2018 मध्ये प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांसाठी ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा फुकट ऑनलाइन कोर्स काढला होता, त्याचा दाखला दिल्यावर ‘इतरांना झेपणार नाही’ हा मुद्दाही मागे पडला.

मशीन्सचं फार अडलं नाही. सरावाला घ्यायचा फिशर या संख्याशास्त्रज्ञाचा 1936 चा आयरिस फुलांचा डेटा, 150 फुलं आणि प्रत्येकाची 4 मापं, साध्या लॅपटॉपवर क्षणात चालतो.

खरं अडलं ते शिक्षकांपाशी. कॉम्प्युटर विभागाचे शिक्षक सगळ्या शाखांना पुरणार कुठून? आणि पुरले तरी इतिहासाच्या मुलांना इतिहासातलं उदाहरण कोण देणार. म्हणून जोडीने शिकवायचं ठरवलं, एक कॉम्प्युटरचा आणि एक त्या विषयाचा. लगेच वाद सुरू, तास कोणाच्या वर्कलोडमध्ये धरायचा? यावर खूप दिवस गेले, पण दोघांच्याही धरायचा हे लेखी घेतल्याशिवाय मी पुढे गेले नाही आणि तुम्हीही जाऊ नका, नाहीतर दुसऱ्या सेमिस्टरला जोडीतला एकजण गायब होतो.

मग शिक्षकांचीच बॅच घेतली, अट एकच, डेटा स्वतःच्या विषयातला आणायचा. इतिहासाच्या एक मॅडम जुन्या हस्तलिखित पानांचे फोटो घेऊन आल्या. एआयने मजकूर वाचून दिला, वाक्यं अगदी सरळ आणि सफाईदार. मॅडमनी मूळ पान शेजारी ठेवून ओळ ओळ ताडून बघितली तर जिथे शाई पुसली होती तिथे एआयने मनाने शब्द घातले होते, आणि वाचताना ते कुठेच खटकत नव्हते. मॅडम म्हणाल्या, साधन तपासून घ्यायला तर मी वर्षानुवर्षं शिकवतेय, हे मला शिकवता येईल. त्या दिवसापासून इतर शिक्षकांची भीती मोडली, मला तर भरून आलं होतं.

मुलांच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ मी एका उदाहरणावर घालवते. 100 जणांपैकी 5 आजारी आहेत, आणि मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकलेला प्रोग्रॅम, सगळ्यांनाच ‘ठणठणीत’ म्हणतंय. ॲक्युरसी, म्हणजे बरोबर उत्तरांचं प्रमाण, किती? 95 टक्के. आजारी किती सापडले? एकही नाही. इथे वर्ग गप्प होतो, मग कोणीतरी विचारतं की मग जाहिरातीतल्या टक्क्यांचं काय, आणि तिथून खरं शिकणं सुरू होतं. यानंतर 2018 चा ‘जेंडर शेड्स’ अभ्यास दाखवते, चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष सांगणाऱ्या सॉफ्टवेअरची चूक गोऱ्या पुरुषांमध्ये जास्तीत जास्त 0.8 टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांमध्ये 34.7 टक्क्यांपर्यंत. सरासरीमागे काय लपतं ते मग वेगळं समजवावं लागत नाही.

परीक्षा लेखी ठेवली नाही. आपल्या विषयाचा डेटा घ्या, मॉडेल बनवा आणि ते कुठे चुकतं ते तोंडी परीक्षेत दाखवा. कोड एआयकडून लिहून घेतला तरी चालेल, पण ‘ही ओळ काढली तर काय होईल’ याचं उत्तर स्वतः द्यायचं. तोंडीला वेळ प्रचंड जातो, आता प्रवेश वाढवा म्हणून मागणी आहे पण शिक्षकांची पुढची बॅच तयार होईपर्यंत मी जागा वाढवू दिलेल्या नाहीत.