"अप्रूव्हल पेंडिंग आहे, मॅडम": गाडीचा टीसीएम (गिअरचा कॉम्प्युटर) बदलून घेतानाचा माझा अनुभव

एकोणतीस दिवस माझी गाडी ठाण्यातल्या एका अधिकृत वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये उभी होती. त्यातले सतरा दिवस मला रोज एकच वाक्य ऐकायला मिळालं: "अप्रूव्हल पेंडिंग आहे, मॅडम." त्या सतरा दिवसांत कुणाकडेच काही पेंडिंग नव्हतं, कारण वर्कशॉपने कंपनीला वॉरंटीचा क्लेम पाठवलाच नव्हता. हे लिहिताना आजही डोकं तापतं.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेली आणि गिअर आपोआप बदलणारी, गाडी घेतली. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दिवसाला शंभर वेळा क्लच दाबणं मला जमणार नव्हतं. एएमटीत गिअरबॉक्स साध्या मॅन्युअल गाडीचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम अ‍ॅक्च्युएटर नावाचा भाग करतो. त्याला हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर म्हणजे टीसीएम. तो गेला की इंजिन मस्त चालू असतं, पण गाडी जागची हलत नाही. माझी गाडी जुलैत भर पावसात मानपाड्याच्या पुलाखाली अशीच बसली. गिअरचा आकडा लुकलुकायला लागला आणि मागे हॉर्नची रांग लागली.

आमच्या सोसायटीबाहेर गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करणारे एक काका आहेत. ते स्कॅनर घेऊन आले. यू०१०१ हा बिघाडाचा कोड निघाला, म्हणजे टीसीएमशी संपर्क तुटलाय. सोबत पी०७०० होता, पण तो फक्त 'गिअरबॉक्सच्या बाजूला काहीतरी बिघडलंय' एवढंच सांगतो. काकांनी मला नीट समजावलं की यू०१०१ आला म्हणून टीसीएम मेलाच असं धरायचं नाही. फ्यूज उडाला, अर्थिंगची वायर गंजली, बॅटरी उतरली किंवा कनेक्टर सैल झाला तरी हाच कोड येतो. त्यांनी बॅटरी पाहिली, फ्यूज पाहिले. मग बॅटरीची वायर काढून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर जोडतात) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मीटर लावला. ६० ओहम आले. गाडीतले कॉम्प्युटर ज्या वायरींच्या लाइनवरून एकमेकांशी बोलतात, तिच्या दोन्ही टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून लाइन धड असेल तर बरोबर साठच येतात. शेवटी टीसीएमच्या कनेक्टरवर करंट आणि अर्थिंग दोन्ही येतायत हे तपासलं. डब्याला, म्हणजे टीसीएमला, खायला मिळतंय, लाइन शाबूत आहे, तरी तो बोलत नाही. "ताई, डबाच गेलाय," ते म्हणाले. हे सगळे आकडे मी कागदावर लिहून घेतले आणि तो कागद पुढे फार कामाला आला, कारण वर्कशॉपमध्ये पहिलं वाक्य होतं, "पाणी गेलं असेल, वायरिंगचा प्रॉब्लेम असेल, मग वॉरंटीत बसणार नाही." मी कागद पुढे केला. त्यांनी स्वतः तपासलं आणि दुसऱ्या दिवशी मान्य केलं. अंदाजपत्रक ३८,४०० रुपयांचं. माझ्याकडे पाच वर्षं किंवा ८० हजार किलोमीटरची वाढीव वॉरंटी होती. गाडीला चौथं वर्ष चालू, किलोमीटर ४१ हजार. मला वाटलं, सुटलो.

तिथून ते सतरा दिवस सुरू झाले.

पहिल्या आठवड्यात मी सौम्यपणे विचारत होते. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणायचा, कंपनीकडून यायचंय. कंपनीत कोणाकडून, कधीपर्यंत, याला उत्तर नाही. दुसऱ्या आठवड्यात माझे फोन उचलणं बंद झालं. नवऱ्याने त्याच्या नंबरवरून फोन केला की पहिल्या रिंगला "बोला सर". गाडी माझ्या नावावर, जॉबकार्डवर सही माझी, आणि उत्तरं त्याला. मी नवऱ्याला सांगितलं की तू फोन करू नकोस, आता मीच तिथे जाऊन बसते. गुडघा घेऊन रोज रिक्षाने जाणं-येणं, वर पाऊस. तीन दिवस मी दुपारी तिथल्या खुर्चीत बसून काढले. तिन्ही दिवस तोच चेहरा आणि तेच वाक्य.

सतराव्या दिवशी मी थेट कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. तिकडच्या मुलीने क्लेम नंबर मागितला. माझ्याकडे नव्हता. मग तिने चासी नंबर घेतला आणि म्हणाली, "या गाडीवर एकही क्लेम नोंदलेला नाही." मी दोनदा विचारून खात्री केली.

कृपा करून एवढं करा: वॉरंटीचं काम असेल तर पहिल्याच दिवशी क्लेम नंबर मागा, मेसेजवर मागा. नंबर नसेल तर क्लेम गेलेला नाही. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे अडीच आठवडे वाचले असते.

त्याच दुपारी मी काउंटरवर गेले आणि अ‍ॅडव्हायझरला म्हटलं, स्क्रीन माझ्याकडे फिरवा. तो तयार नव्हता. मी म्हटलं, मग मॅनेजरना बोलवा, तोवर मी इथून उठत नाही. मॅनेजरनी स्क्रीन फिरवली. क्लेमच्या पानावर लाल ओळ होती: वॉरंटीची किलोमीटर मर्यादा ओलांडली आहे. माझी गाडी ४१ हजार चाललेली आणि कॉम्प्युटरमध्ये शेवटची नोंद ८३,२७०. मार्चमधली सर्व्हिसिंग मी ऑफिसजवळ, तुर्भ्याला, दुसऱ्या डीलरकडे केली होती. तिथे ३८,२७० ऐवजी ८३,२७० टाइप झालं होतं. दोन आकडे उलटे पडले होते. पहिल्याच दिवशी लाल ओळ दिसल्यावर अ‍ॅडव्हायझरने पान बंद केलं आणि मला "पेंडिंग" सांगायला सुरुवात केली. टायपिंगची चूक मी समजू शकते, ती कोणाकडूनही होते. पण अडचण काय आहे हे माहीत असून सतरा दिवस मला अंधारात ठेवलं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आणि एवढं उघड झाल्यावर मॅनेजर काय म्हणाले? "ती एंट्री तुर्भ्याच्या डीलरने दुरुस्त करायला हवी, आम्हाला अधिकार नाही." म्हणजे गाडी त्यांच्या शेडमध्ये, पण पळापळ माझी. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला गेले. मार्चचं बिल घरातल्या फाइलमध्ये होतं आणि त्यावर हाताने ३८,२७० लिहिलेलं होतं, हे माझं नशीब. शिवाय सर्व्हिसिंगला गाडी देताना मी ओडोमीटरचा फोटो काढते. वडिलांनी लावलेली सवय आहे आणि मला तिचा अभिमान आहे. त्या फोटोवर तारीख होती. तुर्भ्याचे लोक सरळ निघाले, चूक मान्य केली, पण म्हणाले की इतकी जुनी एंट्री बदलायला कंपनीच्या विभागीय ऑफिसची परवानगी लागते.

त्याच संध्याकाळी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं. तक्रारीचा नंबर मिळतो आणि ती कंपनीकडे जाते. मी मार्चचं बिल, ओडोमीटरचा फोटो, जॉबकार्ड आणि तारीखवार घडलेलं सगळं एका पानात लिहून जोडलं. विशेषणं एकही वापरली नाहीत, फक्त तारखा. एका दिवसाने कंपनीच्या माणसाचा स्वतःहून फोन आला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी एंट्री दुरुस्त होऊन क्लेम मंजूर! सतरा दिवस न हललेलं काम.

हेल्पलाइनने भागलं नसतं तर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो.

मधल्या काळात एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं होतं की कुर्ल्याहून जुना टीसीएम आणू, चौथाई किमतीत होईल. मी कंटाळून तयार झालेच होते. काकांनी थांबवलं. जुन्या डब्यात आधीच्या गाडीची माहिती भरलेली असते, तो आपल्या गाडीशी जुळवता येईलच याची खात्री नसते, आणि बाहेरचा पार्ट बसवला म्हणून वॉरंटी नाकारायला त्यांना आयतं कारण मिळालं असतं.

पार्ट आला, बसला. नुसता डबा बदलून गाडी चालत नाही. त्यात आपल्या गाडीचं सॉफ्टवेअर भरावं लागतं आणि मग स्कॅनरवरून क्लच लर्निंग करावं लागतं, म्हणजे क्लच नेमका कुठे पकडतो ते नवा टीसीएम शिकतो. सॉफ्टवेअर भरताना बॅटरीला चार्जर जोडलेला हवा, मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा डबाही बिघडू शकतो. मी समोर उभी राहून चार्जर लावलाय ना ते पाहिलं. बिलावर नवीन पार्टचा नंबर आणि सॉफ्टवेअर केल्याची नोंद लिहून घेतली. क्लच लर्निंग राहिलं तर गाडी झटके देत उचलते, म्हणून ताबा घेण्याआधी चढावर चालवून बघा. मी पुलावर दोनदा थांबवून उचलली, तेव्हाच सही केली.

हो, टोइंगचं राहिलं. एएमटी गिअरमध्ये अडकली असेल तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. माझ्यासाठी आधी साधी क्रेन आली होती, मी ती परत पाठवून फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवला. पाऊण तास जास्त भिजले, पण गिअरबॉक्स वाचला.

गाडी आता उत्तम चालते. घरी आणली त्या दिवशी गायमुखपर्यंत उगाच एक फेरी मारून आले, इतकं हलकं वाटलं होतं. फक्त एक गोष्ट बाकी आहे. सतरा दिवस क्लेम का पाठवला नाही, याचं लेखी उत्तर मी वर्कशॉपकडे मागितलंय. दोन मेल झाले, परवा तिसरा केला.