तुम्ही विचारलंत म्हणून: बाटलीतला साका

“मॅडम, पर्यावरणाचा पेपर मुलं पास होण्यापुरताच वाचतात. त्यातून जबाबदार इंजिनिअर घडतात का हो?” हे मला पालक विचारतात, आमच्या स्टाफरूममधले सहकारीही विचारतात.

नुसत्या पेपरातून घडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये हा विषय सक्तीचा करायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण सक्तीने हजेरी भरते, कळवळा येत नाही. नदीत सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर नको, हे माझ्या सगळ्या मुलांना पाठ असतं. पाठ असणं आणि डोळ्यांनी बघणं यात फार अंतर आहे.

म्हणून मी पहिल्याच आठवड्यात त्यांना कॉलेजमागच्या नाल्यावर नेते. तो पुढे पंचगंगेला मिळतो. काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. नाहीतर हवेतला ऑक्सिजन पाण्याच्या नावावर जमा होतो. मग तिथेच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं. पाण्यात ऑक्सिजन असला की तपकिरी साका धरतो. सोबत नेलेल्या नळाच्या पाण्यात तो लगेच दिसतो. नाल्याची बाटली मात्र पांढरीच राहते. मुलं ती पुन्हा पुन्हा हलवतात, रंग येईल म्हणून वाट बघतात. तिथे मासा का नाही, हे मग मला सांगावं लागत नाही.

नंतरचा तास भोपाळचा. १९८४ च्या त्या रात्री विषारी वायूच्या टाकीचं रेफ्रिजरेशन बंद होतं, सुटलेला वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरला जाणाऱ्या पाइपचा तुकडा काढून ठेवलेला होता. दोन्ही गोष्टी आधीपासून माणसांना माहीत होत्या. तुम्ही तिथे शिफ्टला असतात तर कुणाला, काय लिहून कळवलं असतं, ते पत्र मी वर्गात लिहून घेते. सगळी मुलं बदलतात असं मी म्हणणार नाही. पण त्या तासाला वर्गात कुणी मोबाइल काढत नाही.

यंदा बाटल्या धुताना एक मुलगी मागे थांबली. तिचे वडील कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसमध्ये कामाला आहेत. “मॅडम, आमच्या गल्लीमागच्या ओढ्याचं पाणी आणू का?” रसायनं जागेवरच घालावी लागतात, म्हणून येत्या शनिवारी आम्ही दोघी तिकडे जाणार आहोत.